बाईंचा रिपोर्ट

"झोप?" डॉक्टर खैरनारांनी विचारलं.

"भरपूर," हे म्हणाले. "पाठ टेकली की घोरायला लागते. दारात बॅण्ड वाजला तरी उठायची नाही."

"भूक?"

"बेताचीच. वजन मात्र वाढतंय."

"पोट साफ होतं?"

इथं हे जरा अडखळले. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांना आठवलं. "नाही होत. इसबगोल आणून दिलंय मी."

रुग्णाच्या स्टुलावर मी बसले होते. अंगावर शाल होती. बाहेर खानदेशातला मे महिना होता, डांबर चपलेला चिकटत होतं, आणि डॉक्टरांच्या डोक्यावरचा पंखा आहे तीच गरम हवा सगळ्यांना वाटून देत होता. मला थंडी वाजत होती. तसं लोकांना सांगणं मी सोडून दिलं होतं, कारण सांगितलं की ते हसत आणि मग आपापला घाम पुसत.

"आणखी काही औषधं चालू आहेत?"

"छे! आमच्या घरात औषधाची सवयच नाही कुणाला," हे म्हणाले. ते अभिमानानं म्हणाले.

डॉक्टरांनी रिपोर्टवरून बोट फिरवलं. "टीएसएच नॉर्मल. टी-थ्री नॉर्मल. टी-फोर नॉर्मल. बाई, हा तिसरा रिपोर्ट. आता थायरॉइड डोक्यातून काढून टाका."

"पण डॉक्टर, केस गळतायत, आवाज बसलाय, तळव्यांना भेगा पडल्यात. वर्गात फळ्याकडे वळले की काय लिहायचं होतं तेच विसरते. ही सगळी त्याचीच लक्षणं. मी शिकवते ना हे."

मी विज्ञान शिकवत असे. पाठ्यपुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात. गावात तिला थायरॉइड म्हणत आणि आमच्या घरात आळस.

डॉक्टर हसले. "शिकवणाऱ्याला तेच होतं. आम्हालाही एमबीबीएसला दर आठवड्याला नवा रोग व्हायचा. वय आहे बाई, पन्नाशी आली. घरी काही टेन्शन?"

"कसलं टेन्शन?" हे म्हणाले. "मी आहे ना."

बाहेर आल्यावर ह्यांनी मला रसवंतीवर उसाचा रस पाजला. माझा बिनबर्फाचा. "बघ, पास झालीस," ते म्हणाले. "उगाच मनाचे खेळ. चालायला जात जा सकाळी."

मी मान हलवली. चालायला जायचं तर आधी उठावं लागतं, आणि उठणं हेच त्या वर्षी माझं दिवसातलं सर्वांत मोठं काम झालं होतं.

आजारी पडायला मी वेळही चमत्कारिक निवडली होती. आमच्या गिरणाकाठ विद्यालयाचे मुख्याध्यापक बोरसे सर मेअखेरीस निवृत्त होत होते. आमच्याकडे मुख्याध्यापक ज्येष्ठता यादीनं होतो. यादीत पहिलं नाव अमृतकर एस. एम., म्हणजे मी. दुसरं नाव रोकडे. हेही त्याच शाळेत इतिहास शिकवत, पण अमृतकर सरांचं नाव बरंच खाली, दुसऱ्या पानावर होतं, कारण ऐन उमेदीची वर्षं त्यांनी काकांच्या कापडदुकानात घालवली होती. शाळा स्थापन झाल्यापासून त्या खुर्चीत बाई बसली नव्हती. मला बसायचं होतं. सरळ सांगते, फार बसायचं होतं. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मिळावी म्हणून मी आयुष्यभर अर्ज केले होते. आता शाळेच्या सगळ्याच किल्ल्या मिळणार होत्या.

स्टाफरूममध्ये ह्याची मजा सुरू झालेली होती. निकालाच्या कामाला सगळे येत तेव्हा रोकडे सर ह्यांना म्हणायचे, "काय अमृतकर, जूनपासून किरकोळ रजेचा अर्ज उशाशीच ठेवायचा का? मंजूर करून घेऊनच उठायचं!"

"गोपनीय अहवालात बाई तुमचं वर्तन काय लिहिणार हो?" हा ड्रॉइंगचा सोनार.

सगळे हसत. सर्वांत मोठ्यानं हे हसत. घरी आल्यावर मात्र बूट जरा लांब भिरकावत.

*

घरात आमचं भांडण कूलरवरून. ह्यांना तो तीनवर लागे. मी तो बंद करायची, मग ते उठून पुन्हा लावायचे, मग मी ओट्यावर जाऊन बसायची. भर दुपारी शाल पांघरून ओट्यावर बसलेली बाई ही आमच्या गल्लीची करमणूक होती.

त्या दिवशी ओट्यावर छायाताई आली. छायाताई माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते. तिनं तेव्हा एका कंपनीचं काम धरलं होतं. एक माणूस दुसऱ्याला गोळ्या विकतो, दुसरा तिसऱ्याला, आणि सगळ्यांत वरचा गाडी घेतो. छायाताई अजून स्कूटीवर होती.

"वहिनी, हे काय गं? घरात बस ना."

"घरात गार लागतं."

"रिपोर्ट काय आला?"

"नॉर्मल."

"मी म्हटलंच होतं. मला तर तुझे केसही भरल्यासारखे वाटतायत." तिनं माझी वेणी हातात घेऊन वजन केल्यासारखी तोलली. ती वेणी आता तिच्याच बोटाएवढी झाली होती. "कोर्स सोडू नकोस हां. डबल डोस चालूये ना? अगं, मुख्याध्यापिका होशील आता. टक्कल पडलेली मुख्याध्यापिका शोभते का? आणि तू खुर्चीत बसलीस की तुझ्या शाळेतल्या बायका कंपनीत माझ्याखाली लावून दे. अख्खा स्टाफ झाला ना, मी सिल्व्हर होते."

केसांच्या त्या गुलाबी गोळ्या वर्षभर चालू होत्या. सकाळी दोन, रात्री दोन. माझ्या तब्येतीबद्दल हे रोज न चुकता एकच प्रश्न विचारत: "छायाची गोळी घेतलीस?" मी घ्यायची. केस गळायचे ते गळतच होते, पण गोळी थांबवणं म्हणजे ह्यांच्या बहिणीच्या धंद्यावर अविश्वास दाखवणं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब शाळेत आले. बापूसाहेबांचा पेट्रोल पंप होता आणि प्रत्येक विषयावर मत होतं. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. बोरसे सर खिडकीबाहेर बघत बसले. निवृत्त होणाऱ्या माणसाला खिडकी लवकर सापडते.

"बसा बाई. तब्येत कशी?"

"बरी आहे."

"बरी दिसत नाही. चेहरा सुजलाय."

"रिपोर्ट नॉर्मल आहेत बापूसाहेब. कालच डॉक्टर खैरनारांनी सांगितलं."

"अहो, रिपोर्टचं काय घेऊन बसलात? माणसाकडे बघून कळतं. उन्हाळ्यात शाल पांघरणारा मुख्याध्यापक पालकांपुढे कसा उभा करायचा मी? विचार करा. कुणी जबरदस्ती करत नाहीये. नियमानं हक्क तुमचाच आहे. पण हक्क सोडायची सोयसुद्धा नियमातच आहे."

मी घरी येताना हिशेब मांडला. डॉक्टर म्हणतात, माणसाकडे बघू नका, रिपोर्टकडे बघा. बापूसाहेब म्हणतात, रिपोर्टकडे बघू नका, माणसाकडे बघा. स्वयंपाक करायला मी ठणठणीत होते आणि मुख्याध्यापक व्हायला आजारी.

"काय म्हणाले बापूसाहेब?" ह्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"हं." ते पेपरमागे गेले. थोड्या वेळानं पेपरमागूनच म्हणाले, "त्यांना काळजी वाटते म्हणून बोलतात. तुला काही झालेलं नाहीये, पण दिसतेस तू आजारी, हे खरंय."

*

त्याच आठवड्यात ह्यांच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न मालेगावला होतं. हे आणि छायाताई वऱ्हाडात गेले. मला बरं वाटत नाही म्हणून मी राहिले, आणि ते निघाल्यावर एस.टी. पकडून धुळ्याला गेले. तिथं डॉक्टर रुख्साना तडवी म्हणून ग्रंथींच्या आजारांच्या तज्ज्ञ आहेत, असं आमच्या एका माजी विद्यार्थिनीकडून कळलं होतं.

डॉक्टर तडवी तरुण होत्या. पुढं बसलेल्या माणसाचं बोलणं पूर्ण होऊ द्यायची त्यांना सवय होती. मला त्याचा सराव नव्हता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि मी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. मग त्यांनी मला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल झटक्यात हललं, आणि मग अगदी सावकाश जागेवर आलं, एखाद्या कारकुनानं फाइल परत ठेवावी तसं.

"हं," त्या म्हणाल्या. भुवया पाहिल्या. बाहेरच्या टोकांना केस उरलेच नव्हते. ते मी स्वतःसुद्धा पाहिलं नव्हतं. "औषधं काय चालू आहेत?"

"काही नाही."

"औषध हा शब्द सोडा. सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं, ते क्रमानं सांगा."

"गरम पाणी. मग केसांची गोळी. मग चहा—"

"थांबा. केसांची गोळी?"

"ती काही औषध नाही. शक्तीची असते तशी."

"असं कोण म्हणालं?"

"विकणारी."

"विकणारी कोण?"

"नणंद."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "डबी आहे?"

पर्समध्ये होती. प्रवासात डोस चुकू नये म्हणून. त्यांनी डबीवरची बारीक अक्षरं वाचली आणि मोबाइलवर काहीतरी पाहिलं. "दिवसाला किती?"

"चार."

"ह्यात बायोटिन आहे, एक जीवनसत्त्व. वाईट नाही, पण एवढ्या प्रमाणात कुणालाच लागत नाही. आणि काही लॅबच्या यंत्रांमध्ये रक्त तपासायची जी पद्धत असते, तिला हे गंडवतं. टीएसएच असतो त्याहून कमी दिसतो, टी-फोर जास्त. तुम्ही खरंच आजारी असलात, तर बरोबर मधोमध, नॉर्मल येऊन बसता. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही?"

"विचारलं होतं, काही औषधं चालू आहेत का म्हणून."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?"

"मी काही सांगत नाही तिथं," मी म्हणाले. "हे सांगतात."

त्यांनी डबी माझ्याकडे परत सरकवली. गोळ्या बंद करा, आठवड्यानं पुन्हा येऊन रक्त द्या, म्हणाल्या.

पुढचा आठवडा मी रोज सकाळी दोन आणि रात्री दोन गुलाबी गोळ्या मोरीत टाकल्या. "छायाची गोळी घेतलीस?" "घेतली." लग्नानंतर मी ह्यांच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलत होते, आणि ते एवढं सोपं असतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

*

रिपोर्ट फोनवर आला. मी भाजी निवडत होते. टीएसएच जास्तीत जास्त पाचच्या आसपास असायला हवा, माझा ऐंशीच्या वर होता. एवढे गुण मला मॅट्रिकलाही नव्हते. मला नाचावंसं वाटलं. नाचायची ताकद नव्हती म्हणून मी मेथीच्या जुडीपाशी बसून रडले.

डॉक्टर तडवींचा फोन आला. "तुमची शंका बरोबर होती. आजपासून गोळी सुरू. सकाळी उपाशी पोटी. घाबरायचं काही नाही, लाखो लोक घेतात आणि सगळं करतात. मात्र धीर धरा. पुरता फरक पडायला दीड-दोन महिने जातात."

हे घरी आल्यावर मी त्यांना कूलरसमोर बसवलं आणि सगळं सांगितलं. यंत्र कसं फसतं, तेही चित्र काढून सांगितलं. ते नीट ऐकत होते. इतकं नीट त्यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे रिपोर्ट नॉर्मल होता, पण तू नव्हतीस."

"नव्हते."

"आणि आता खरंच आजार निघाला."

"निघाला!" मी म्हणाले. माझ्या आवाजात आनंद होता.

त्यांनी उठून कूलर बंद केला. आतून पाण्याचा पेला आणून माझ्या हातात दिला. माझे डोळे पुन्हा भरून आले. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि पाणी मला पहिल्यांदा मिळत होतं.

"तो रिपोर्ट मला पाठव बघू," ते म्हणाले. "असू दे माझ्याकडे. काही लागलं तर."

मी पाठवला.

छायाताईला कळायला तासभर लागला. मला वाटलं, ओशाळेल. ती दारातूनच ओरडत आली, "वहिनी! अगं, म्हणजे आपल्या गोळ्या एवढ्या पॉवरफुल आहेत की मशीनवरसुद्धा परिणाम झाला! रविवारच्या मीटिंगला हे तू स्वतः येऊन सांगायचंस हं."

*

बोरसे सरांचा निरोप समारंभ झाला, नारळ-शाल झाली, आणि दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी आम्हा दोघांना त्यांच्या घरी बोलावलं. थंडगार एसी होता. मी शाल घट्ट ओढून घेतली.

"बाई, फार वाईट वाटलं ऐकून," बापूसाहेब म्हणाले.

"काय ऐकून?"

त्यांनी त्यांचा मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात माझा रिपोर्ट होता. वर पाठवणाऱ्याचं नाव होतं: अमृतकर सर.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते.

"अहो, ऐंशी म्हणजे काय चेष्टा आहे?" बापूसाहेब म्हणाले. "थायरॉइड ही साधी गोष्ट नाही. हृदयावर जातो, डोक्यावर जातो. सर बिचारे दिवाळीपासून मला सांगतायत, हिला होत नाही आता, रात्र रात्र तळमळते म्हणून. मीच म्हणत होतो, बघू, थांबू."

दिवाळीपासून. म्हणजे घरी मला काही झालेलं नव्हतं तेव्हापासून.

"डॉक्टर म्हणाल्या, गोळीनं दोन महिन्यांत पूर्ण बरी होईन," मी म्हणाले. माझा आवाज घोगरा येत होता, शब्द एकेक करून शोधून आणावे लागत होते. "पद सांभाळायला काही हरकत नाही."

"दोन महिने!" बापूसाहेबांनी टाळीच वाजवली. "मग अडलंय काय? दोन महिने रोकडे बघतील. तुम्ही विश्रांती घ्या, बऱ्या व्हा, फिटनेस घेऊन या, खुर्ची तुमची. त्यांना काय कायमची मान्यता मिळालीय लगेच?"

कागद टाइप करून तयार होता. मी वाचला. पहिल्या ओळीचा शेवट गाठेपर्यंत सुरुवात निसटायची. पुन्हा वाचला. 'प्रकृतीच्या कारणास्तव ज्येष्ठतेचा हक्क स्वखुशीने सोडत आहे.'

"ह्यात दोन महिने कुठं लिहिलंय?"

"शिक्षणाधिकाऱ्यांचा ठरीव मजकूर असतो बाई. दोन महिने हा माझा शब्द."

"बापूसाहेबांनी शब्द दिलाय," हे म्हणाले. "आणखी काय पाहिजे? तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं? त्या दिवशी पाणी प्यायलाही हात थरथरत होता तुझा."

तो का थरथरत होता, ते मला सांगता आलं असतं. पण त्यासाठी लांबलचक वाक्य लागलं असतं, आणि माझ्याजवळ तेव्हा एवढं लांब वाक्य नव्हतं. एसी चालू होता. मला फक्त उन्हात जायचं होतं. मी सही केली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "का पाठवलात?"

"कारण तू आजारी आहेस," हे म्हणाले. "तुझंच म्हणणं होतं ना, कुणी मानत नाही म्हणून? मी मानलं."

*

डॉक्टर तडवी अगदी बरोबर बोलल्या होत्या. जुलैत माझी शाल सुटली. मग आवाज परत आला, तळव्यांच्या भेगा बुजल्या. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या आधी मी आंघोळ, स्वयंपाक आणि दोन बादल्या धुणं उरकून मैदानावर सर्वांच्या आधी हजर होते. डोक्यातलं धुकं गेलं होतं. सगळं लख्ख दिसत होतं, जे बघायचं नव्हतं तेही.

रोकडेंची कायमची मान्यता अजून यायची होती. मी धुळ्याला जाऊन पुन्हा रक्त दिलं, डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घेतलं, आणि बापूसाहेब शाळेत आले त्या दिवशी दोन्ही कागद घेऊन ऑफिसात गेले. खुर्चीत रोकडे होते. हे रोकडेंच्या शेजारी वेळापत्रक घेऊन बसले होते. त्यांना नुकतंच पर्यवेक्षकाचं काम मिळालं होतं, ज्येष्ठता यादीतली बरीच नावं ओलांडून.

"काय आणलंत बाई?" बापूसाहेबांनी विचारलं.

"फिटनेस. आणि रिपोर्ट. नॉर्मल आहे. तुम्ही दोन महिन्यांचा शब्द दिला होता."

"दिला होता ना!" त्यांनी चष्मा लावून रिपोर्ट वाचला आणि रोकडेंकडे दिला. रोकडेंनी ह्यांच्याकडे दिला. "उत्तम. एकच सांगा. उन्हाळ्यात खैरनारांकडे रक्त तपासलं होतंत, तो रिपोर्ट काय होता?"

"नॉर्मल."

"आणि तुम्ही कशा होतात?"

मी सर्टिफिकेट त्यांच्यापुढे सरकवलं.

"आजारी होतात. बरोबर? तेव्हा तुम्ही गोळ्या घेत होतात. आता?"

"आताच्या गोळ्या वेगळ्या. त्या गोळ्यांनी यंत्र—"

"बाई, मी पेट्रोल पंपवाला माणूस. मला गोळ्यांतलं कळत नाही. त्या गोळ्या घेत होतात तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस आजारी. आता ह्या गोळ्या घेताय, रिपोर्ट नॉर्मल. मी काय समजायचं? दीड हजार पोरांची शाळा आहे."

"माणसाकडे बघून समजा," मी म्हणाले. "तुम्हाला कळतं ना बघून?"

बापूसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. चांगलं नीट बघितलं. मग रिपोर्टची घडी घालून मला परत दिला.

"बाईमाणसाकडे असं बघत नाहीत हो," ते म्हणाले.

रोकडे फिसकन हसले. मग बापूसाहेब हसले. हे थोडे थांबून, पण हसले. मी ह्यांच्याकडे पाहत राहिले तेव्हा त्यांनी वेळापत्रक डोळ्यांपुढे धरलं आणि म्हणाले, "बाई, नववी ब वर तास आहे तुमचा. पाच मिनिटं झाली."

शाळेत ते मला बाईच म्हणत.

मी निघाले. जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढले. पाय भरून आले नाहीत, दम लागला नाही. गोळी चांगलीच लागू पडली होती. वरच्या वळणावर पोचले तेव्हा खाली ऑफिसात पुन्हा हशा झाला, आणि एवढ्या लांबूनसुद्धा त्या तिघांतलं ह्यांचं हसणं कोणतं, ते मला स्वच्छ वेगळं ऐकू आलं.